बाहेरचं पान

थान-पिन-गोन गावाला त्या वर्षी दोन सरकारं होती आणि मुखिया एकही नव्हता. वाळूच्या ओढ्यापलीकडे रानातल्या बंडखोर पोरांचं राज्य, डांबरी रस्त्याच्या बाजूला लष्कराचं, आणि गाव मधे. जुन्या मुखियाला ओढ्यापलीकडून एक पाकीट आलं. त्यात चिठ्ठी नव्हती, नुसतं एक काडतूस होतं. त्याच दुपारी तो बायकोमुलांसकट तालुक्याला पळाला आणि तिथून फोनवर गाव चालवायला बघू लागला. पण गावात फोन लागतो तो फक्त ताडाच्या शेंड्यावर. तेव्हा कारभार उरला दहा-दहा घरांच्या प्रमुखांवर. आणि असलं प्रमुखपण कुणाच्या गळ्यात पडतं, तर जो घरी बसलेला असतो त्याच्या.

फो कान घरी बसलेला होता. पस्तीस वर्षं ताड चढला, आणि छपन्नाव्या वर्षी उजवा गुडघा म्हणाला, आता पुरे. तेव्हापासून मुलगा ठुन चढे, बायको मा टिन काहिलीत रस आटवून गूळ करी, आणि हा अंगणात बसून लाकडं फोडी, मडकी घासी, गरम गुळाचे गोळे वळी.

उन्हाळा ऐन भरात होता, ताडांत रस मावत नव्हता, अशा दिवसांत तालुक्याचा कारकून को स्वे मोटारसायकलवरून आला. तोंडावरचा रुमालही न सोडता तो म्हणाला, "काका, दहा घरांमागे एक माणूस. अठरा ते पस्तीस. आठ दिवसांत."

"मागच्या वर्षी नेले ते परत आले का?" मा टिनने काहिलीतला झारा न थांबवता विचारलं.

"काकू, ते परत आले असते तर हे मागितले असते का?"

"मग एवढं सैन्य गेलं तरी कुठं?"

"काही मेले, काही पळाले, काही पलीकडे जाऊन मिळाले. रस्त्यावरच्या चौकीत आता आचाऱ्याच्या हातात बंदूक दिलीय." को स्वेने रुमाल खाली ओढून गुळाचा एक गोळा तोंडात टाकला. "वांगी मात्र झकास करायचा हो तो. कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. चिठ्ठ्या टाका, काय वाटेल ते करा. मला नाव पाहिजे."

दहा घरांत मिळून सात पोरं होती. त्यात ठुन एक होता, आणि शेजारच्या मा सेइनचा न्यो एक. मा सेइनचा नवरा फो कानचा जोडीदार. नऊ वर्षांपूर्वी तो ताडावरून पडून गेला, तेव्हा न्यो तेरा वर्षांचा होता. त्याला ताडावर चढवला तो फो काननेच. पाय कुठे रोवायचा, फुलाचा तुरा किती पातळ सोलायचा, सगळं त्याचंच शिकवलेलं. न्यो बुटका, पायांनी जरा फेंगडा, आणि वर गेला की गाणं म्हणायचा. गाणं अगदी बेसूर असे, पण खाली बायकांना कळे की पोरगा अजून धड आहे.

चिठ्ठ्यांचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी एका तोंडाने सांगितलं की कागद नको. कागदाला घडी पडते, कोपरा दुमडता येतो. शेजारच्या गावात तशाच चिठ्ठ्यांवरून कोयते निघाले होते. ताडाच्या पानाच्या पट्ट्या काढायच्या, आणि त्या फो कानने काढायच्या. त्याने कापलेल्या पट्ट्या एकीला झाकावी आणि दुसरी काढावी इतक्या सारख्या असतात, हे गाव जाणून होतं. त्याला ते ऐकून बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची त्याला पुढे फार लाज वाटली.

आदल्या दिवशी दुपारी तो मागच्या पडवीत पानं घेऊन बसला. गाभ्यातलं कोवळं पान त्याने विळीवर धरलं आणि एकेक पट्टी काढली. सहा झाल्या. सातवीला पान पुरलं नाही. गावाभोवती दोनशे ताड उभे होते, हाक मारली असती तर ठुनने दुसरं कोवळं पान आणून दिलं असतं. फो कानने हाक मारली नाही. कुडाला टेकलेलं बाहेरचं जुनं पान त्याने ओढलं, त्याची पट्टी काढली, सगळ्यांबरोबर उन्हात ठेवली. संध्याकाळपर्यंत सातही एका रंगाच्या झाल्या. मग त्याने पेनने नावं लिहिली आणि त्या सातव्या पट्टीवर ठुनचं नाव लिहिलं. लिहिताना स्वतःशीच म्हणाला, कुणाचं तरी लिहायचंच होतं.

सकाळी विहाराच्या धर्मशाळेत सगळे जमले. मडकं मा सेइनने आणलं होतं, रसाचंच, अरुंद तोंडाचं, एकच हात आत जाईल असं. भंते आधीच म्हणाले होते, माणूस मारायला पाठवायच्या कामात मी बोट घालणार नाही, आणि भिंतीकडे तोंड करून बसले होते. लहान मुलीकडून काढून घ्यावं असं कुणीतरी सुचवलं, तर सगळ्या आया आपापल्या पोरी उचलून मागे सरल्या.

"तुम्हीच काढा, भाऊजी," मा सेइन म्हणाली. "तुमचा हात सरळ आहे."

फो कानने बाही वर केली आणि हात आत घातला. बोटांना पहिली जी पट्टी लागली ती कडक होती, कडेला खरखरीत होती. शोधावी लागली नाही, ती वरच होती. पस्तीस वर्षं पानांत गेलेल्या बोटांना डोळ्यांची गरज नव्हती. त्याने ती सोडली. तिच्याखालची मऊ पट्टी धरली आणि बाहेर काढली. हात इतका थरथरत होता की वाचायला ती दुसऱ्याकडे द्यावी लागली.

"न्यो," वाचणारा म्हणाला.

मा सेइन रडली नाही. तिने खांद्यावरच्या फडक्याने तोंड पुसलं, मडकं उचललं, त्यातल्या उरलेल्या सहा पट्ट्यांसकट छातीशी धरलं आणि न्योला म्हणाली, "चल घरी. भात निवतोय." ठुन आणि न्यो एकमेकांकडे बघून उगाच हसले. मा टिनने हळूच नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. तिचा जीव भांड्यात पडला होता. त्या तळव्याचा ओलावा फो कानला सदऱ्यातून कळला.

पाण्याच्या सणानंतर दुसऱ्या दिवशी रस्त्यावर ट्रक आला. त्या वर्षी गावात कुणी कुणावर पाणी टाकलं नव्हतं. न्योने ट्रकमध्ये चढण्याआधी वाकून फो कानला नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, माझ्या अकरा ताडांकडे बघा. तिसऱ्याच्या शिडीची वरची गाठ सैल आहे, ठुनला सांगा." ट्रकला लोखंडी जाळी होती. आत बसलेल्या एका पोराच्या पायात अजून शाळेची चप्पल होती.

मग कामाचे दिवस सुरू झाले. ठुन आपले चौदा ताड आणि न्योचे अकरा, सकाळ-संध्याकाळ, असे पन्नास वेळा चढे-उतरे. त्याच्या पावलांच्या कडा फुटल्या, मांड्या शिडीच्या वेळूने सोलवटल्या. रात्री मा टिन त्याच्या पायाला तिळाचं तेल चोळी. मा सेइनची लाकडं फो कान फोडू लागला. कुणी सांगितलं नव्हतं. तो तिच्या अंगणात जाई, कुऱ्हाड घेई, आणि तिने चहा आणला की म्हणे, "राहू द्या वहिनी, आत्ताच घेतला." दर चार दिवसांनी ती नव्या गुळाचे पाच गोळे केळीच्या पानात बांधून त्याच्या ओट्यावर ठेवी.

"तुमच्यामुळं निभतंय, भाऊजी. सख्खा दीर नसता इतका पाठीशी उभा राहिला."

तो गूळ त्याने कधी तोंडाला लावला नाही. मा टिनने दोनदा विचारलं, "गोड सोडलंत का?" तो म्हणाला, दात दुखतो. ती बाई चार दिवस त्याच्यासाठी भात मऊ शिजवत राहिली, आणि त्याला तो मऊ भात मुकाट्याने गिळावा लागला.

एकदा बैलगाडीतून मा सेइनचा गूळ बाजाराला न्यायचा होता. चौकीवर आडवा बांबू. बंदूक घेऊन आला तो माणूस साठीचा असावा, पुढचे दोन दात नव्हते, वर्दीच्या बाह्या तीनदा दुमडलेल्या. त्याने फो कानला खाली उतरवून हात डोक्यावर ठेवायला लावले आणि उकिडवं बसवलं. गुडघा वाकेना. म्हाताऱ्याने बुटाने तो हलकेच दाबला.

"गावाने माणूस दिला का?"

"दिला."

"कुणाचा?"

फो कानच्या डोळ्यांत कळ उतरली होती. "शेजारचा."

"शेजारचाच असतो," शिपाई म्हणाला आणि मनापासून हसला. एक गोळा उचलून हुंगला, खिशात टाकला आणि बांबू वर केला. गाडीत बसल्यावर फो कानला स्वतःचे हात ठेवायला जागा सापडेना.

जळणासाठी ओढ्यापलीकडे जावं, तर तिथं रानातल्या पोरांची चौकी. एक विशीची मुलगी, गालाला तनाखाच्या सालीची पिवळी उटी, खांद्याला बंदूक. ती विचारी, "काका, तुमचा मुलगा अजून घरीच? त्यांनी नाही नेला तर आम्हाला द्या. आमच्यातही माणसं कमी पडतात." ती हे गोड बोलून विचारी, म्हणून जास्त भीती वाटे.

आषाढाचे ढग नुसतेच येऊन जात होते, तेव्हा न्योचा फोन आला. ठुन न्योच्याच तिसऱ्या ताडावर होता. कमरेला बांधलेला फोन वाजला आणि तो वरूनच ओरडला, "न्यो! न्यो बोलतोय!" खाली मा सेइन आणि फो कान मान वर करून उभे राहिले. शब्द ऐकू येत नव्हते, ठुनचं हसणं तेवढं येत होतं. मग तेही थांबलं. खाली आल्यावर तो मा सेइनला म्हणाला, "बरा आहे. मटण मिळतं म्हणाला. तुम्हाला जेवायला सांगितलंय." ती तेवढ्यावर आनंदाने घरी पळाली.

ठुन शिडीला टेकून बसला. "तीन आठवडे शिकवलं आणि डोंगरावर पाठवलंय, बाबा. तोफेचे गोळे वाहायला. चाळीस गेले होते, अठरा उरलेत."

"हं."

"म्हणाला, बरं झालं माझं नाव निघालं. तुझं निघालं असतं तर तुझ्याच्याने झालं नसतं, तुला झोप लागत नाही घराबाहेर." ठुन हसायला गेला आणि त्याने गुडघ्यात डोकं घातलं. फो कान त्याच्या डोक्यावर हात ठेवणार होता, तो त्याने मागे घेतला.

तिथवर गोष्ट झाकलेली होती. ती उघडली एका खारीमुळे. मा सेइनच्या ताडावर खारींनी दोन मडकी फोडली. ती भंत्यांना भिक्षा वाढायला गेली होती, आणि ठुनला चढायची घाई. स्वयंपाकघरात बुद्धाच्या फळीखाली एक चांगलं मडकं टांगलेलं दिसलं, ते त्याने उचललं आणि चढला. ते चिठ्ठ्यांचं मडकं होतं. न्यो परत आला की आतल्या पट्ट्या जाळायच्या, असं तिने मनाशी धरलं होतं. हे ठुनला काय ठाऊक? पण मडकं लावण्याआधी आत हात फिरवून बघायचा, गांधीलमाशी असते, हे चढणाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

फो कान खाली उभा होता. त्याने वरून एक पट्टी भिरभिरत येताना पाहिली. मग दुसरी. पाच पट्ट्या आल्या. मग बराच वेळ वर काहीच हललं नाही.

ठुन उतरला. सहावी पट्टी त्याच्या मुठीत होती. त्याने ती उलगडली, सोडली, तशी ती ताठ होऊन उभी राहिली. बाकीच्या पाच वाळूवर मऊ, वळलेल्या पडल्या होत्या.

"बाबा, माझं पान बाहेरचं आहे."

फो कानने कमरेचा रुमाल सोडून तोंड पुसलं.

"कोवळं संपलं होतं?"

तेवढ्यावर सुटता आलं असतं. मुलाने वाटच करून दिली होती. फो कानने मान हलवली. "नाही. दुसरं मागवता आलं असतं."

"हाताला लागलं होतं?"

"पहिलंच," फो कान म्हणाला. "तेच पहिलं हाताला आलं होतं, ठुन."

ठुनने पट्ट्या गोळा केल्या, परत मडक्यात घातल्या आणि मडकं होतं तिथे टांगून आला. त्या दिवसापासून तो ताटावर बापासमोर बसेना. मा टिनने विचारलं तर म्हणे, उकडतंय, बाहेर जेवतो. कामात कसूर नाही, आवाज चढवणं नाही. फो कानला वाटे, याने एकदा कुऱ्हाड फेकून मारली असती तर बरं झालं असतं.

असे दहा दिवस गेले, आणि को स्वेची मोटारसायकल पुन्हा आली. या वेळी त्याने गुळाला हात लावला नाही. "तुमचा न्यो पळाला. बंदूक घेऊन पळाला. ओढ्यापलीकडच्यांना मिळाला म्हणतात. त्याच्या जागी दुसरा माणूस द्या, तीन दिवसांत. नाहीतर तुमच्या दहा घरांची यादी चौकीकडे जाईल." यादी चौकीकडे गेली की काय होतं, ते गावाने शेजारच्या गावाच्या जळून काळ्या झालेल्या खांबांवरून पाहिलं होतं.

धर्मशाळेत पुन्हा सगळे जमले. मा सेइन दाराशी उकिडवी बसली होती. पोरगा जिवंत आहे या आनंदाने तिचा चेहरा उजळत होता आणि लोकांकडे बघून विझत होता. ऊ चिटची दोन पोरं सात जणांत होती. तोच आधी उसळला.

"ज्याचं नाव निघालं त्याने निभवायला नको? तुझा पोरगा पळणार आणि माझा मरणार होय गं?"

"मी काय सांगितलं होतं त्याला पळ म्हणून?" ती म्हणाली.

"तूच सांगितलं असशील फोनवर!"

"घरच जाळा तिचं. चौकीवाल्यांना सांगू, आम्ही जाळलं," मागून कुणीतरी म्हणालं. एका बाईने तिच्यापासून आपली चटई ओढून घेतली. कालपर्यंत ही बाई तिच्याकडे पीठ मागायला येत होती.

"चिठ्ठीतून नशीब निघालं, ते मी मुकाट घेतलं ना?" मा सेइनचा आवाज फुटला. "भाऊजींनी काढलं. त्यांना विचारा, मी एक शब्द बोलले का?"

सगळे फो कानकडे बघू लागले. तोंड उघडलं की ठुन गेला, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. मिटलेलं ठेवलं तर नव्याने पट्ट्या कापायच्या, पुन्हा हात घालायचा, आणि या बाईला गावाने रोज थोडं थोडं खायचं. ठुन खांबाला टेकून उभा होता. तो बापाकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. मा टिनला काहीच ठाऊक नव्हतं. ती मा सेइनकडे सरकून बसली होती आणि तिचा हात हातात घेत होती.

फो कान उठला. गुडघ्यामुळे उठायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

"न्योचं नाव निघालं नव्हतं," तो म्हणाला. "ठुनचं निघालं होतं. मी ते सोडलं आणि खालचं उचललं. ठुनची पट्टी मी बाहेरच्या पानाची केली होती, हाताला ओळखू यावी म्हणून."

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या भंत्यांनी तेवढी मान वळवली. ऊ चिटने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मा सेइनने मा टिनच्या हातातून आपला हात काढून घेतला.

"त्या दिवशी तुमचा हात थरथरत होता," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, माझ्या पोरासाठी थरथरतोय."

"वहिनी..."

"मी तुम्हाला गूळ देत होते." एवढंच बोलून ती उठली आणि चालू लागली.

ठुन पुढे आला. "चिठ्ठ्या नकोत. मी जातो. माझंच होतं ते," तो म्हणाला, जशी दुसऱ्याने चुकून घातलेली आपली चप्पल कुणी परत मागावी.

घरी मा टिनने पहाटेपासून भात शिजवला, तीळ आणि सुकी मासळी घालून पानात बांधला. नवऱ्याकडे तिने मान वर करून पाहिलं नाही. ट्रक दिसायला लागला तेव्हा म्हणाली, "एवढं केलंच होतंत, तर शेवटपर्यंत तरी झाकायचं होतं." ठुनने जाताना आईला नमस्कार केला, बापालाही केला. फोन बापाच्या हातात दिला. "तिथं काढूनच घेतात. तुम्हीच ठेवा. मला जमलं तर मी करीन. वर गेल्याशिवाय लागत नाही, पण…" त्याने बापाच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

दुसऱ्या सकाळी फो कान न्योच्या पहिल्या ताडावर चढला. दोन वर्षांनी. डावा पाय वर टाकायचा, उजवा ओढून घ्यायचा, दोन्ही हातांनी शिडी कवटाळून श्वास घ्यायचा. आठ पायऱ्यांवर घाम डोळ्यांत गेला, अर्ध्यावर गुडघ्यात सुरी फिरली. तुरे सोलले, नवी मडकी लावली, भरलेली दोन खांद्याला अडकवून उतरला. मा सेइन अंगणातून येऊन उभी राहिली. तिने मडकी त्याच्या हातून घेतली नाहीत. त्याने ती जमिनीवर ठेवली, मग तिने उचलली, आणि त्याच्यासमोर एकेक करून वाळूत ओतली. रस पांढरा फेसाळला आणि जिरला. रिकामी मडकी तिथेच ठेवून ती घरात गेली.

संध्याकाळी तो पुन्हा चढला, तिने पुन्हा ओतलं. अकरा ताड त्याच्याने होत नव्हते, तो चार करी, कधी पाच. आपल्या स्वतःच्या चौदांकडे त्याने पाहिलंही नाही. तिचं चुलाण थंड होतं, मा टिनचंही थंड होतं. ताडाखालची वाळू चिकट झाली आणि तिथे मुंग्यांची रांग लागली. लोक जाता-येता बघत. ऊ चिट एकदा म्हणाला, "अरे, ती फेकून देते, तू कशाला मरतोस?" फो कान म्हणाला, "तिचा रस आहे. तिला वाटेल ते करील."

प्रत्येक चढाला फोन कमरेला बांधलेला असे. वर पोचलं की तो फोन काढून आधी त्याची काच पुशी. ठुनचा फोन येत नव्हता.

बाविसाव्या दिवशी सकाळी तो तिसऱ्या ताडावर असताना फोन वाजला. हातातला कोयता त्याने दातांत धरला आणि एका हाताने फोन कानाला लावला.

"ठुन, अरे ठुन्या..."

पलीकडचा आवाज न्योचा होता.

फो कानने कोयता दातांतून काढून झावळीत रोवला. "मी फो कान."

"काका! तुम्ही वर? गुडघा बरा झाला?"

"झाला."

"काका, मी जवळच आहे. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर. इथून आपले ताड दिसतात, रोज पहाटे बघतो. आईच्या चुलाण्याचा धूर दिसत नाही हो. वीस-बावीस दिवस झाले. आजारी आहे का? खरं सांगा. आजारी असेल तर मी येतो, काय व्हायचं ते होऊ दे."

फो कानने खाली पाहिलं. मा सेइन दुसऱ्या ताडाचं मडकं तिरकं धरून उभी होती. रस पडायचा होता.

"वहिनी!" तो ओरडला. "न्यो आहे! बरा आहे! जवळच आहे!"

मडकं तसंच राहिलं. बावीस दिवसांत पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली. "विचारा त्याला, जेवतो का."

त्याने विचारलं. "जेवतो म्हणतो. विचारतोय, तुमच्या चुलाण्याचा धूर का दिसत नाही. आजारी असाल तर घरी येईन म्हणतो."

"येऊ नको म्हणावं!" ती किंचाळली. "रस्त्यावर चौकी आहे, येऊ नको म्हणावं!"

न्योला ते ऐकू गेलं असावं. तो घाबरून म्हणाला, "काका, ठुन कुठे आहे? माझे ताड तोच चढत होता ना? फोन त्याचा, आणि वर तुम्ही. ठुनला काही झालं का?"

फो कानने फोनवर तळवा दाबला. "ठुन कुठे आहे विचारतोय," तो खाली म्हणाला. आता ओरडला नाही, तरी तिला ऐकू गेलं.

ती वर बघत राहिली. ऊन तिच्या डोळ्यांत जात होतं, पण तिने हात आडवा धरला नाही.

"सांगू नका," ती म्हणाली. "त्याच्या जागी ठुन गेला हे कळलं तर तो परत येईल. तो तसाच आहे. सांगू नका त्याला."

ताड वाऱ्याने हलत होता. फो कानने तळवा काढला. "ठुन खाली आहे रे," तो म्हणाला. "लाकडं फोडतोय. पाय मुरगळला त्याचा, म्हणून मी चढलो. वहिनींचं चुलाण फुटलं होतं, नवं थापलंय, ओलं आहे. उद्या पेटेल. उद्या बघ, धूर दिसेल."

"नक्की?"

"नक्की."

"काका, त्या ठुनला म्हणावं, तिसऱ्याची वरची गाठ बघ."

"बघतो," फो कान म्हणाला. गाठ त्याच्या डोळ्यांसमोरच होती. ठुनने ती केव्हाच आवळून, वर आणखी एक वेढा देऊन ठेवली होती. त्या वेढ्यावर गाल टेकून तो थोडा वेळ तसाच राहिला.

खाली आला तेव्हा मा सेइनने मडकं सरळ केलेलं होतं. आणलेली दोन त्याने नेहमीसारखी जमिनीवर ठेवली. तिने तीही उचलली. घराकडे चार पावलं गेली आणि पाठमोरीच थांबली.

"रोज धूर बघतो म्हणाला?"

"हो. रोज पहाटे."

"मग आता तुम्हाला रोज चढावं लागेल," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिच्या अंगणातून धूर निघाला. आधी काळा, ओल्या लाकडांचा, मग पांढरा. फो कान तेव्हा चौथ्या ताडाच्या अर्ध्यावर होता. त्याने एकदा ओढ्यापलीकडच्या टेकाडाकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, जिकडे ठुन गेला होता. मग डावा पाय वर टाकला आणि उजवा ओढून घेतला.